एलिझाबेथ फ्राय आणि न्यूगेट तुरुंगांतील स्त्रिया

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत प्रभूनें जी सेवा एकेक करून मोजून सांगितली आहे, तिच्यापैकीं भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी व उघड्यास वस्त्र देणें हें आपल्या मंडळ्यांतून थोडेंबहुत घडतें. दुखणाइताच्या उशाशीं रात्र काढणारीं माणसेंही गांवोगांव आहेत. परंतु त्या यादींतील शेवटची गोष्ट, बंदिवानाची भेट, ही आपण वाचतों आणि पान उलटतों. कारण उघड आहे. भुकेला मनुष्य आपल्या दारीं येतो. बंदिवानाच्या दारीं आपणांस जावें लागतें, आणि शिवाय त्याच्या हातून कांहीं तरी घडलेलें असतें. त्यांतून ती बंदिवान स्त्री असली, तर तिचें नांव काढण्याचीही घरच्यांना लाज वाटते. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील एका बाईनें अशा स्त्रियांची भेट घेतली. ती पुन्हां पुन्हां गेली; आणि बायबलाबरोबर सुई, दोरा व चिंध्यांचें गाठोडें घेऊन गेली. तिचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

एलिझाबेथ गर्नी हिचा जन्म २१ मे १७८० रोजीं इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्विच शहरीं झाला. बाप लोकरीचा व्यापारी. पुढें त्या घराण्याची सावकारी पेढीही नांवारूपास आली. आई कॅथरीन ही धार्मिक वृत्तीची असून गोरगरिबांच्या घरीं जातांना मुलींना बरोबर नेई. एलिझाबेथ बारा वर्षांची असतांना, १७९२ सालीं, ही आई वारली. मागें अकरा मुलें राहिलीं. भावंडांत एलिझाबेथ मंद समजली जाई. अभ्यासांत तिचें लक्ष लागत नसे, अंधाराचें तिला भय वाटे, आणि समुद्राचें तर फारच भय वाटे. ही समुद्राची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

गर्नी घराणें क्वेकर पंथाचें होतें. या पंथांत पगारी पाळक नसे. उपासनेस सर्व जण मुकाट्यानें बसत, आणि ज्याला किंवा जिला पवित्र आत्म्याची प्रेरणा होई ती व्यक्ति उभी राहून बोले. स्त्रीनें बोलण्यास आडकाठी नव्हती. पोशाख साधा व फिकट रंगाचा असावा, गाणेंबजावणें नसावें, असा त्यांचा शिरस्ता. परंतु गर्नींच्या घरीं हा शिरस्ता बराच सैल झाला होता. मुली रंगीत कपडे घालीत, नाचत, गात. ४ फेब्रुवारी १७९८ रोजीं अमेरिकेंतील विल्यम सेव्हरी नांवाचा उपदेशक नॉर्विचच्या उपासनामंदिरांत बोलण्यास आला, तेव्हां साडेसतरा वर्षांची एलिझाबेथ पुढच्या बाकावर जांभळे बूट घालून बसली होती, आणि बुटांच्या नाड्या तांबड्या होत्या. आरंभीं तिचें लक्ष आपल्या बुटांकडेच होतें. उपदेश संपला तेव्हां ती रडत होती.

त्या दिवसापासून तिचें मन पालटलें, तरी बूट लगेच सुटले नाहींत. लंडनास जाऊन तिनें नाटकें पाहिलीं, मेजवान्या पाहिल्या, आणि मग हळूहळू, स्वतःशीं पुष्कळ झगडून, तिनें साधा पोशाख पत्करला. पालट एका घटकेंत पुरा झाला अशीं चरित्रें आपण वाचतों. हिचें तसें झालें नाहीं, आणि हें तिनें आपल्या रोजनिशींत लपविलें नाहीं. ही रोजनिशी ती सतराव्या वर्षापासून मरेपर्यंत लिहीत होती. याच काळांत तिनें घराजवळच्या गरीब मुलांना जमवून वाचावयास शिकविण्याचा वर्ग काढला. एका मुलापासून सुरुवात होऊन संख्या सत्तरांवर गेली. लोकर पिंजण्याच्या कामावर जाणारीं मुलेंही त्यांत येत. पुढील सर्व कामाचें बीं येथें पडलें, असें आम्हांस वाटतें.

१९ ऑगस्ट १८०० रोजीं जोसेफ फ्राय नांवाच्या लंडनच्या क्वेकर व्यापाऱ्याशीं तिचें लग्न झालें. यापुढें आपण तिला फ्रायबाई म्हणूं. त्यांना एकंदर अकरा मुलें झालीं. पाहुण्यांची वर्दळ, बाळंतपणें, आजारपणें यांत बारा वर्षें गेलीं. १८११ सालीं क्वेकर मंडळीनें त्यांना उपदेशक म्हणून मान्यता दिली.

१८१३ सालच्या हिंवाळ्यांत स्टीफन ग्रेलेट हे फ्रायबाईंच्या घरीं आले. हे जन्मानें फ्रेंच, पण अमेरिकेंत राहिलेले क्वेकर उपदेशक. लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत स्त्रियांचा भाग ते पाहून आले होते. नुकतीं जन्मलेलीं अर्भकें तेथें जवळजवळ उघडीं पडलेलीं त्यांनीं पाहिलीं होतीं. बाईंनीं कापड मागविलें, ओळखीच्या बायका बोलाविल्या आणि बाळांचे कपडे शिवावयास बसविलें. ते कपडे घेऊन त्या ॲना बक्स्टन या मैत्रिणीबरोबर तुरुंगाच्या दारीं गेल्या. आंत जाऊं नये असा तेथील अधिकाऱ्यांचा सल्ला होता. त्या बायकांत शिरण्यास ते स्वतःही बिचकत. घड्याळ तरी बाहेर ठेवून जावें असें त्यांनीं सुचविलें.

आंत दोन मोठ्या खोल्या व दोन कोठड्या, आणि त्यांत सुमारें तीनशें स्त्रिया आपल्या मुलांसह कोंडलेल्या. फांशीची शिक्षा झालेली, चौकशी व्हावयाची असलेली, पावाचा तुकडा चोरलेली, दरोडा घातलेली, सर्व एकत्र. अंथरुणाचें नांव नाहीं. फरशीवर निजणें, तेथेंच स्वयंपाक, तेथेंच धुणें. गजांशीं येऊन त्या काठीला लांकडी चमचा बांधून बाहेर येणाऱ्याजाणाऱ्यांकडे भीक मागत, आणि मिळालेल्या पैशाची दारू तुरुंगांतच विकत मिळे! दोघी बायांनीं आजारी स्त्रियांना कपडे वांटले व गुडघे टेकून प्रार्थना केली. ज्यांच्या शिव्यांना अधिकारी भीत त्या स्त्रियांपैकींही कांहीं जणी गुडघ्यांवर आल्या.

यानंतर फ्रायबाई लगेच कामास लागल्या असें लिहावयास आम्हांला आवडलें असतें. पण तशा त्या लागल्या नाहींत. जवळजवळ चार वर्षें गेलीं. घरांत अडचणी आल्या, भाऊ वारला, आणि १८१५ सालीं त्यांची जेमतेम पांच वर्षांची मुलगी, जिचें नांव आईचेंच होतें, ती मरण पावली. पुढें न्यूगेटमधील मातांशीं मुलांविषयीं बोलण्यास बाईंनीं आरंभ केला, तेव्हां त्या स्वतः एक मूल पुरून आलेल्या होत्या.

१८१६ च्या अखेरीच्या सुमारास त्या पुन्हां गेल्या आणि या वेळीं आपणांस एकटीलाच आंत सोडावें अशी त्यांनीं विनंती केली. त्यांनीं मत्तयाच्या विसाव्या अध्यायांतील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टांत वाचला व दिवसाच्या शेवटल्या ताशीं आलेल्या मजुरांविषयीं थोडें सांगितलें. हा ख्रिस्त कोण, असें कांहीं स्त्रियांनीं विचारलें. कांहींना भय वाटलें कीं आपली वेळ केव्हांच टळून गेली. लंडनच्या मध्यभागीं, जिकडे तिकडे देवळांचे कळस दिसत असतांना, ख्रिस्त कोण असें विचारणाऱ्या स्त्रिया होत्या, ही गोष्ट आपण मिशनच्या लोकांनीं विसरूं नये.

नंतर बाईंनीं मातांना विचारलें कीं, तुमच्या या मुलांसाठीं येथें शाळा काढली तर चालेल काय? मुलांचें नांव निघतांच त्या स्त्रियांचे डोळे भरून आले. शिक्षिका कोण असावी तें त्यांनींच आपसांत ठरवावें असें बाईंनीं सांगितलें. त्यांनीं मेरी कॉनर हिला निवडलें. ही तरुण स्त्री घड्याळ चोरल्याबद्दल नुकतीच आंत आली होती, आणि तिला चांगलें लिहितां वाचतां येत होतें. अधिकाऱ्यांचें मत पडलें कीं हेतु स्तुत्य असला तरी येथें कांहीं व्हावयाचें नाहीं, आणि शिवाय जागा नाहीं. बाईंनीं एक रिकामी कोठडी शोधून काढली. दुसऱ्या दिवशीं शाळा भरली. मुलें आंत बसलीं आणि दाराशीं मोठ्या मुलींची व तरुण स्त्रियांची गर्दी झाली, आम्हांलाही शिकवा म्हणून त्या विनवूं लागल्या. खोली लहान पडली म्हणून पुष्कळींना परत पाठवावें लागलें. मेरी कॉनरनें हें काम इतकें नीट केलें कीं सुमारें सवा वर्षानें तिला माफी मिळाली. परंतु तोंवर तिला क्षय लागला होता, आणि त्यांतच ती वारली.

दाराशीं उभ्या राहिलेल्या स्त्रियांचें काय करावें हा प्रश्न पुढें आला. एप्रिल १८१७ मध्यें एका पाळकाची पत्नी व क्वेकर पंथाच्या अकरा स्त्रिया मिळून एक मंडळ स्थापन झालें. न्यूगेटमधील स्त्रियांना वस्त्र, शिक्षण व काम पुरवावें, शास्त्राची ओळख करून द्यावी, आणि त्या बाहेर पडतील तेव्हां शांतपणें व मानानें जगतील अशी संवय लावावी, हा त्याचा उद्देश. तुरुंगाचे अधिकारी म्हणाले कीं दिलेलें कापड या बायका चोरतील नाहीं तर फाडतील. बाईंनीं एक गोष्ट केली, आणि आमच्या समजुतीप्रमाणें सर्व यशाची किल्ली तींत आहे. एका रविवारीं अधिकाऱ्यांच्या समक्ष सर्व कैदी स्त्रियांना जमवून त्यांनीं सांगितलें कीं नियमांवांचून हें काम चालणार नाहीं, पण तुम्हांला मान्य नसलेला एकही नियम आम्ही घालणार नाहीं. मग भीक मागणें, शिव्या, जुगार, पत्ते, भांडण हीं बंद व्हावीं. दहाबारा जणींचा एक गट असावा व त्यावर त्यांच्यांतूनच निवडलेली एक मुकादमीण असावी. सकाळीं नऊ वाजतां घंटा झाली कीं सर्वांनीं जमून वचन ऐकावें, अशीं कलमें एकेक करून वाचलीं. प्रत्येक कलमावर त्यांचें मत घेतलें आणि प्रत्येकास हात वर झाले. ज्यांच्याकडे आजवर कोणीं कशाबद्दलही मत मागितलें नव्हतें त्यांचे ते हात होते. (आम्ही पाळक लोक पुष्कळदां ठराव आधीं करतों आणि मंडळीला मागाहून वाचून दाखवितों. असो.) तुरुंगांतील धुण्याची जागा चुना लावून साफ केली व तेथें शिवणाचा वर्ग बसविला. पत्त्यांचे जोड बायकांनीं आपण होऊन एकामागून एक आणून दिले, आणि ते बाईंच्यासमोर जाळले गेले.

काम कोठून आणावयाचें? ऑस्ट्रेलियांतील कैद्यांसाठीं कपडे पुरविणारी एक पेढी लंडनच्या फेन्चर्च स्ट्रीटवर होती. बाई सरळ तिच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या कीं तुमच्या धंद्याचा हा भाग तुमच्यापासून काढून घेण्याचा आमचा विचार आहे, तुमचा सल्ला काय? पेढीच्या मालकांनीं आनंदानें तें काम न्यूगेटला देऊं केलें. पहिल्या दहा महिन्यांच्या सुमारास या स्त्रियांनीं जवळजवळ २०,००० कपडे शिवून दिले, आणि त्याशिवाय पायमोजे विणले. मजुरी आठवड्यास सुमारें अठरा पेन्स पडे. फार नव्हे, पण ती भिकेची नव्हती आणि चोरीची नव्हती. ही माहिती फ्रायबाईंनीं फेब्रुवारी १८१८ मध्यें कॉमन्स सभेच्या समितीपुढें साक्ष देतांना सांगितली. लॉर्ड मेयर व नगराचे अधिकारी पाहणीस आले, तेव्हां बायका ओळीनें बसून शिवीत होत्या व एक जण वाचून दाखवीत होती. नगरानें ही व्यवस्था आपलीशी केली आणि मेट्रनच्या पगाराचा कांहीं भार उचलला.

सर्व काळ शिवणाचें काम पुरेना, तेव्हां चिंध्या जोडून गोधड्या करण्याचें काम सुरू झालें. कापडाच्या व्यापाऱ्यांकडून छापील सुती कापडाचे तुकडे मिळत. आपल्याकडील बायांना हें काम समजावून सांगावयास नको. वाकळ जिनें शिवली आहे तिला ठाऊक आहे कीं त्यांत डोकें लागतें: कोणता रंग कोणाशेजारीं शोभेल, काठ कसा मिळवावा, उरलेला तुकडा कोठें खपवावा. नुसत्या शिवणांत दुसऱ्यानें बेतलेलें कापड असतें. गोधडींत बेत आपला असतो. शिवाय तुकडा कितीही लहान असो, तो टाकून द्यावा लागत नाहीं.

हें सर्व गोड वाटतें, परंतु न्यूगेट हें मरणाचेंही घर होतें. त्या काळीं इंग्लंडांत दोनशेंहून अधिक गुन्ह्यांस फांशी लिहिलेली होती आणि बनावट नोटा चालविणें हा त्यांतील एक होता. हॅरिएट स्केल्टन नांवाच्या स्त्रीनें आपल्या जवळच्या पुरुषाच्या भरीस पडून अशा नोटा चालविल्या होत्या. तिचें वागणें इतकें सालस कीं तुरुंगांत सर्वांना तिची कींव येई. फ्रायबाईंनीं तिच्यासाठीं जिवापाड खटपट केली. राजघराण्यांतील ग्लॉस्टरच्या ड्यूकला त्यांनीं कोठडीपर्यंत आणलें, बँकेकडे रदबदली केली, गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्याकडे गेल्या. मंत्र्यांनीं त्यांना झिडकारलें. बोलण्यांत तेढ पडली ती पडलीच. एप्रिल १८१८ मध्यें हॅरिएटला फांशी दिलें. त्याच सुमारास लॉर्ड मेयरच्या वाड्यांत राणी शार्लोट भर सभेंत फ्रायबाईंपाशीं येऊन बोलली आणि लोकांनीं टाळ्यांचा गजर केला. राणीशीं बोलणें झालें, पण एका मोलकरणीचा जीव वांचवितां आला नाहीं. हें शल्य त्यांच्या मनांत राहिलें. बनावट नोटांसाठीं फांशी देणें पुढें १८३० नंतरच्या दशकांत कायद्यानेंच बंद झालें.

न्यूगेटमधील पुष्कळ स्त्रियांना समुद्रापार पाठविण्याची शिक्षा होई. आपल्याकडे जिला काळें पाणी म्हणत तीच ही. निघण्याच्या आदल्या रात्रीं तुरुंगांत दंगल करण्याची रीत पडली होती: खिडक्या, बाकें, जें हातीं लागेल तें मोडावयाचें. सकाळीं त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून नेत, आणि रस्त्यांतील लोक चिखल व शिव्या फेंकीत. १८१८ सालीं मारिया नांवाचें जहाज निघावयाचें होतें. या वेळीं बंद गाड्यांतून न्यावें असें बाईंनीं अधिकाऱ्यांस पटविलें, आणि मी स्वतः बंदरापर्यंत तुमच्यामागें येईन असें बायकांना वचन दिलें. त्या रात्रीं कांहीं मोडलें नाहीं. गाड्यांची रांग डेप्टफर्डला निघाली, आणि शेवटीं फ्रायबाईंची गाडी होती.

जहाजावर १२८ स्त्रिया होत्या. प्रवास महिनोगणती, आणि हाताला काम नाहीं. बाईंनीं त्यांचे बारा बारांचे गट पाडले, मुलांसाठीं जहाजाच्या एका कोपऱ्यांत शाळा मांडली, आणि गोधड्यांसाठीं चिंध्या भरून दिल्या. निघण्याच्या दिवशीं त्यांनीं वचन वाचून प्रार्थना केली, तेव्हां खलाशी दोरांवर चढून ऐकत होते. यानंतर पंचवीस वर्षें त्या व त्यांच्या सोबतिणी जवळजवळ प्रत्येक स्त्रीकैदी जहाजावर जात राहिल्या. अशीं सुमारें १०६ जहाजें आणि १२,००० स्त्रिया झाल्या. लहानपणीं जिला समुद्राचें भय वाटे तीच ही बाई, होडींत उभी राहून दोराच्या शिडीनें जहाजावर चढत होती. पुढें प्रत्येक स्त्रीला एक थैली देण्याची वहिवाट पडली. तिच्यांत बायबल, एप्रन, कात्री, अंगुस्तान, शंभर सुया, टांचण्या, रंगीत दोऱ्याच्या चोवीस लडी आणि दोन पौंड चिंध्या असत. वाटेंत रिओ द जानेरो बंदरांत अशा गोधड्या एकेक गिनीला विकल्या गेल्या, म्हणजे उतरतांना त्या स्त्रीच्या पदरीं स्वतःच्या हातचा पैसा राहिला. हें फार महत्त्वाचें होतें, कारण ऑस्ट्रेलियांत उतरल्यावर त्यांना राहावयास जागाच नसे, आणि पैसा नसलेल्या स्त्रीला रात्रीच्या निवाऱ्यासाठीं काय विकावें लागे तें सांगावयास नको. तेथील पाळक सॅम्युएल मार्सडेन यांनीं हें बाईंना पत्रानें कळविलें. बाईंनीं लंडनमध्यें अधिकाऱ्यांच्या मागें लकडा लावला. १८२१ सालीं पॅरामॅटा येथें अशा स्त्रियांसाठीं इमारत उभी राहिली.

त्याच १८२१ सालीं देशभरच्या अशा मंडळांची एक संस्था झाली. १८२३ च्या तुरुंगांच्या कायद्यानें स्त्रीकैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख असावी, आणि कैद्यांना लिहिणें वाचणें शिकविण्याची सोय असावी असें ठरलें. मात्र तो कायदा सर्व तुरुंगांना लागू नव्हता आणि तपासणीस अधिकारीही १८३५ पर्यंत नव्हते. १८२७ सालीं बाईंनीं तुरुंगांतील स्त्रियांची भेट व व्यवस्था यांविषयीं एक लहानसें पुस्तक लिहिलें.

त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. स्वतःचीं अकरा मुलें सोडून ही बाई चोरट्यांचीं मुलें सांभाळते असें लोक म्हणत, आणि तें बोलणें अगदींच निराधार होतें असें नाहीं. बहुतेक मुलें मोठेपणीं क्वेकर मंडळी सोडून गेलीं व त्याचें दुःख बाईंच्या रोजनिशींत आहे. शुक्रवारीं न्यूगेटमध्यें त्यांचें वाचन ऐकण्यास सरदार, वकील, परदेशी पाहुणे यांची झुंबड उडे. त्या गर्दीनें आपल्या मनांत गर्व शिरेल कीं काय, याची धास्ती त्यांना होती. नोव्हेंबर १८२८ मध्यें नवऱ्याची पेढी बुडाली. प्लॅशेट येथील मोठें घर गेलें, मंडळीनें जोसेफ फ्राय यांचें नांव कमी केलें, आणि ठेवीदारांचा पैसा तुरुंगाच्या कामांत गेला असें खोटेंच बोललें गेलें. भावांनीं हात दिला म्हणून संसार अप्टन लेनमधील लहान घरांत कसाबसा सांवरला. कांहीं आठवडे बाईंना तोंड दाखविणें जड गेलें. पण १८३५ सालीं त्या पुन्हां पार्लमेंटच्या समितीपुढें उभ्या होत्या. या वेळीं वारा उलटा होता. प्रत्येक कैद्याला वेगळें कोंडून मुकें ठेवावें या पद्धतीचे पुरस्कर्ते आतां तपासणीस झाले होते, आणि बायांच्या या भेटींनीं शिस्त बिघडते असें त्यांचें म्हणणें. फ्रायबाईंनीं एकांत कोठडीला विरोध केला. माणसाला माणसांत परत धाडावयाचें तर माणसांतच शिकवावें लागेल, असा त्यांचा अनुभव होता. सरकारनें तेव्हां त्यांचें फारसें ऐकलें नाहीं.

किनाऱ्यावरील पहारेकऱ्यांच्या सुमारें पांचशें ठाण्यांवर त्यांनीं पुस्तकसंग्रह पुरविले. १८४० सालीं लंडनमध्यें परिचारिकांना शिक्षण देणारी संस्था काढली. १८४२ सालीं प्रशियाचा राजा त्यांच्याबरोबर न्यूगेटमध्यें येऊन कैदी स्त्रियांसह वचन ऐकत बसला. १२ ऑक्टोबर १८४५ रोजीं रॅम्सगेट या समुद्रकांठच्या गांवीं त्या वारल्या. तेथील किनारारक्षकांनीं आपलें निशाण अर्ध्यावर उतरविलें. बार्किंग येथें क्वेकरांच्या स्मशानभूमींत मोठ्या समुदायासमोर त्यांना पुरलें. त्यांच्या दोघी मुलींनीं आईच्या रोजनिशीवरून दोन भागांत चरित्र रचून १८४७ सालीं प्रसिद्ध केलें. न्यूगेट तुरुंग १९०२ पासून पाडून टाकण्यांत आला.

त्यांच्या मरणापूर्वीं चार वर्षें, ५ एप्रिल १८४१ रोजीं, राजा नांवाचें जहाज १८० कैदी स्त्रियांना घेऊन व्हॅन डीमनच्या भूमीकडे, म्हणजे हल्लींच्या टास्मानियाकडे निघालें. केझिया हेटर नांवाची मेट्रन बरोबर होती. तें १९ जुलैला होबार्ट बंदरीं लागलें. या साडेतीन महिन्यांत त्या स्त्रियांनीं मिळून एक गोधडी शिवली. ती सव्वातीन मीटरांहून थोडी अधिक लांब व जवळजवळ तितकीच रुंद असून तिच्यांत २,८१५ तुकडे आहेत. मध्यभागीं पांढऱ्या कापडावर पक्षी व फुलें बसविलीं आहेत, भोंवतीं छापील तुकड्यांचे पट्टे आहेत, आणि एका कडेला रेशमी दोऱ्यानें अक्षरें काढलीं आहेत. त्यांत चिंध्या देणाऱ्या मंडळाच्या बायांचे आभार मानले असून, तुमचा उद्योगाचा उपदेश आम्ही वायां जाऊं दिला नाहीं, असें त्या स्त्रियांनीं लिहिलें आहे. वर्ष व महिना घातला आहे. शिवणाऱ्या एकीचेंही नांव नाहीं.

ही गोधडी इंग्लंडला परत पाठविली गेली, आणि नंतर ती लोकांच्या नजरेआड झाली. १९८७ सालीं ती स्कॉटलंडांतील एका घराच्या माळ्यावर सांपडली. १९८९ सालीं ती ऑस्ट्रेलियाला परत गेली, आणि आतां कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयांत आहे. कापड जुनें व नाजूक झाल्यामुळें ती क्वचितच बाहेर काढतात. ती पाहतांना कोणते टांके सराईत हाताचे आणि कोणते नवशिक्या हाताचे, हें स्पष्ट ओळखूं येतें.